चिंगमचं मूळ गाव

ज्या जिल्ह्यात कशाचाच उगम झालेला नाही, तो जिल्हा नकाशावर दिसतो, पण भाषणात येत नाही. शेजारच्या जिल्ह्यांनी ही गोष्ट वेळीच ओळखली. कुणी साडीचा उगम घेतला, कुणी मिरचीचा, कुणी (दुसरा इलाज नसल्यामुळे) शेवेच्या एका प्रकाराचा. आपल्याकडे वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. पण वसमतकरांना तो जरा जास्तच झाला, असं हिंगोली शहरातल्या काही जाणत्या मंडळींच्या लक्षात आलं. या निरीक्षणातून 'हिंगोली जिल्हा उगम शोध व गौरव समिती' जन्माला आली.

समिती सरकारी नव्हती. पण तिचे अध्यक्ष ओमप्रकाशराव यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकलेला होता, आणि आपल्याकडे तेवढ्यावर बरंच भागतं. पहिल्या वर्षात समितीने पुढील गोष्टींचे उगम तपासून सोडून दिले : शून्य (आधीच कुणीतरी घेतलेलं), विमान (दावेदार फार), पतंग (वारा अपुरा), इडली (दोन सदस्यांना पचत नाही). समितीवर टीका करणारे म्हणत की हे रिकामे उद्योग आहेत. टीका करणाऱ्यांना दुसरा कुठला उद्योग होता, हे मात्र समितीला शोधूनही सापडलं नाही.

शिवशंकर हा समितीचा शास्त्र सदस्य. वसमतच्या एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत असे. म्हणजे शास्त्र त्याला कायमचं येत होतं आणि नोकरी तासापुरती होती. प्रत्येक समितीत एक एम.एस्सी. असावा, म्हणजे ठरावात 'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द निर्धास्तपणे घालता येतो, या धोरणानुसार त्याला घेतलं होतं. तो एसटीने यायचा, मागच्या रांगेत बसायचा आणि चहा झाल्यावर जायचा. त्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती.

तक्रारीला जागा झाली ती एका बैठकीत. समितीचे भाषा सदस्य विश्वंभर गुरुजी, ज्यांची सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली होती, प्रास्ताविकासाठी उठले, पण पूर्ण उठू शकले नाहीत. त्यांचं धोतर आणि खुर्ची यांच्या मधे एक पांढरी तार ताणली गेली होती. ती तुटेना, उलट लांबत चालली. गुरुजींनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि कुठलाही त्रागा न करता विचारलं, "हे चिंगम मुळात कशाचं करतात?"

खोलीत सगळे शिवशंकरकडे बघायला लागले. त्या खोलीत त्याला प्रश्न विचारला जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि माणूस अशा वेळी खरं बोलून जातो. तो म्हणाला, "मुळात चिकूच्या झाडाच्या चिकापासून करायचे, सर." पुढे त्याला सांगायचं होतं की हे मेक्सिकोत आणि त्याच्या आसपास चालायचं, तिथल्या जुन्या लोकांच्या भाषेत त्या चिकाला जे नाव होतं त्यावरून स्पॅनिशमध्ये 'चिक्ले' झालं, चिकूही तिकडूनच आपल्याकडे आला, आणि आजचं चिंगम तर झाडाचं नसतंच, तो कारखान्यातल्या कृत्रिम रबराचा भाऊ आहे. पण तेवढ्यात चहा आला. कप फिरले, बिस्किटं फिरली, आणि शिवशंकरने रिकामी जागा भरायची म्हणून एक अनावश्यक वाक्य टाकलं : "आमच्या घरी हाय की चिकूचं मोठं झाड, सिद्धेश्वर धरणाकडं."

गुरुजी चहा विसरले. "चीक," ते हळूच म्हणाले. मग "चिकट". मग "चिकू". मग डोळे मिटून "चिंगम". चीक हा शब्द अस्सल मराठी आहे, याबद्दल दुमत नव्हतं. चिकू आणि चिंगम ही त्याचीच लेकरं. बाहेरदेशी गेलेली, तिथल्या पाण्याने जरा तोंड वाकडं झालेली, एवढंच. आणि जिथला शब्द तिथली वस्तू, हे तर गुरुजी पाचवीच्या वर्गालाही सांगत आले होते.

शिवशंकरला हे ठाऊक होतं की जगात इतक्या भाषा आहेत आणि माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज इतके मोजके आहेत, की काही शब्द कुठे ना कुठे एकमेकांसारखे निघणारच. त्याला योगायोग म्हणतात. पण ते सांगायला त्याने तोंड उघडलं तेव्हा अध्यक्ष त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "प्रोफेसर, जिल्हा तुमचा उपकार विसरणार न्हाई." त्याला प्रोफेसर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कॉलेजात तर हजेरीपुस्तकातही त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असे.

यानंतर काम झपाट्याने झालं. एका अर्थ-उपसमितीने चिंगमची व्याख्या निश्चित केली. ती अशी : "चिंगम म्हणजे असा पदार्थ, जो तोंडात घालावयाचा असतो परंतु खावयाचा नसतो, चावावयाचा असतो परंतु गिळावयाचा नसतो, ज्याची चव अल्पावधीत संपते व खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ज्याचा अखेरचा मुक्काम इतरांच्या आसनाखाली असतो." वाचन झाल्यावर अध्यक्षांनी शंका काढली की ही व्याख्या चिंगमची आहे की समितीची. गुरुजींनी शीर्षक ठळक करून घेतलं.

'गम' या उत्तरार्धावर दोन तट पडले. एक तट म्हणे, गम म्हणजे संस्कृत जाणे. ज्यातून चीक निघून जातो ते चिंगम. दुसऱ्या तटातले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांचे वडील निजामाच्या अमदानीत मुन्शी होते, म्हणाले, गम म्हणजे दुःख, बराबर उर्दू आहे. जे चघळून माणूस दुःख विसरतो ते चिंगम. शेवटी चीकही जातो आणि दुःखही जातं, असा समझोता झाला.

पाठोपाठ सर्वेक्षण. शंभर नागरिकांना विचारण्यात आलं, चिंगम कुठलं? अठ्ठ्याण्णव जण म्हणाले, दुकानातलं. दोघांच्या तोंडात काहीतरी असल्याने त्यांनी मान हलवली. दुकानं जिल्ह्यातली असल्यामुळे अठ्ठ्याण्णव टक्के जनता चिंगम जिल्ह्यातलंच मानते, हे सिद्ध झालं. शिवाय सुगीत लेकरं मूठभर गहू तोंडात टाकून चावत बसतात, पीठ पोटात जातं आणि मागे रबरासारखा गोळा उरतो, त्याला खेड्यापाड्यात चिंगमच म्हणतात. शिवशंकरनेही लहानपणी ते चावलं होतं, बी.एस्सी.ला गेल्यावर त्याला कळलं की ते गव्हातलं ग्लुटेन. समितीने त्याची नोंद 'प्रागैतिहासिक पुरावा' अशी केली.

आता फक्त झाड पाहायचं राहिलं होतं.

ते झाड शिवशंकरची आई नर्मदाबाई हिचं. घर आणि गोठा यांच्या मधे उभं होतं. धरणाच्या पाण्यावरून वटवाघळं येत, म्हणून तिने त्याच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांचे पदर बांधलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, झाड कुठेतरी लग्नाला निघालंय. चिकू उतरवायचे, टोपलीत गव्हाच्या काडात पिकवायचे आणि औंढ्याच्या बाजारात नेऊन बसायचं, हा तिचा शिरस्ता. त्यावर तिचं मीठमिरची आणि लेकीकडे जायचं एसटीचं तिकीट निघे. मुलगा देतो म्हणाला तरी ती घेत नसे, कारण त्याचा तास कधी बंद होईल हे त्यालाही माहीत नव्हतं.

दोन जीपगाड्या दारात थांबल्या तेव्हा ती शेण काढत होती. शिवशंकरने सगळ्यांची ओळख करून दिली आणि म्हणाला, "माय, झाड जरासं खरवडून बघणार हायेत."

"झाडाला खरूज झाली का रे?" नर्मदाबाई म्हणाली. "काहून खरवडून राहिले?"

यावर अध्यक्षांनी तिला जिल्ह्याच्या अस्मितेविषयी थोडक्यात माहिती दिली. तोवर ड्रायव्हरने कोयत्याने खोडावर तिरके घाव घातले होते. पांढरा चीक निघाला, ओघळला, आणि सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी उत्साहाने खालच्या फांदीचे चिकू तोडून वाटले. ते अजून पिकले नाहीत, असं नर्मदाबाई सांगत होती, पण मूळवृक्षाचं फळ म्हणून ते भक्तिभावाने खाल्ले गेले. कच्च्या चिकूत चीक भरपूर असतो आणि तो ओठांना धरतो. त्यामुळे गुरुजींनी (त्यांना मधुमेह असल्याने त्यांनी खाल्ला नव्हता) 'हेच चिंगमचे जगातील मूळ झाड होय' हा ठराव वाचून कुणाची हरकत आहे का असं विचारलं, तेव्हा एकही तोंड उघडलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. शिवशंकरनेही चिकू खाल्ला नव्हता. तोही बोलला नाही. त्याचं कारण शास्त्राला सांगता येण्यासारखं नाही.

ठरावासोबत नियम आले. झाडाला तारेचं कुंपण राहील. मूळवृक्षाचं फळ ही सार्वजनिक ठेव असल्यामुळे ते कुणी उतरवू नये. मान्यवर आले की त्यांच्यासमोर ताजा घाव घालून चीक दाखवला जाईल. नर्मदाबाईंना 'मूळवृक्षमाता' म्हणण्यात यावं.

मान्यवर येऊ लागले. एरवी ज्या गावात पाण्याचा टँकर मागून मिळत नसे, तिथे शाली आणि नारळ घेऊन माणसं आपणहून येत, घाव बघत, खोडावर हात ठेवून फोटो काढत. खोडाची एक बाजू शिडीसारखी झाली. चिकूच्या झाडाला असे घाव घातले की त्याला पुन्हा सावरायला वर्षानुवर्षं मोकळं सोडावं लागतं, नाहीतर ते वाळतं, हे शिवशंकर दरवर्षी दुसऱ्या सत्रात शिकवत असे. त्याने पाहिलं, शेंड्याची पानं पिवळी पडत चालली होती. तारेच्या आत चिकू गळून कुजत होते आणि बाहेर त्याची आई रिकामी टोपली घेऊन बसली होती.

"फळ तोडू न्हाई म्हणतेत, अन् बुड तोडून राहिले," ती म्हणाली. "कोन्या शाळंत शिकले रे हे? तू तर शिकलेला हाईस ना? मंग सांग त्याईला."

"काय सांगू?"

"जे खरं हाय ते. दुसरं काय येतंय तुला?"

म्हणून शिवशंकरने खरं सांगायचं ठरवलं. आठवडाभर बसून त्याने अहवाल तयार केला : चिकूची मूळ भूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिका, चीक काढायची तिथली पद्धत, शब्दाचा प्रवास, आजच्या चिंगममधली कृत्रिम द्रव्यं, आणि शेवटी विनंती, की या झाडावरचे घाव ताबडतोब थांबवावेत. संदर्भ जोडले. नकाशा जोडला. बैठकीत त्याने तो उभं राहून वाचला आणि या वेळी चहा येऊनही तो थांबला नाही.

समितीने अहवाल अत्यंत गांभीर्याने घेतला. गुरुजींचे डोळे पाणावले. "मेक्सिको," ते म्हणाले. "माक्षिक. संस्कृतात माक्षिक म्हणजे मध. आपली माणसं चीक घेऊन तिकडं पोचली, तिथं मध मुबलक दिसला, त्यांनी देशाचं नाव माक्षिक ठेवलं. प्रोफेसर, आम्ही जिल्ह्यापुरतं बघत होतो. तुमी खंड जोडून दाखवला." अहवाल आभारासह स्वीकारून समितीच्या नियोजित पुस्तिकेतल्या 'परदेशातील पुरावे' या प्रकरणात समाविष्ट करण्यात आला. विनंतीचा परिच्छेद जागेअभावी गळला. पुढल्या महिन्यात परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा, जरा खोल घाव घालावा, असं ठरलं.

खऱ्या गोष्टीचा हा एक स्वभाव शिवशंकरला अभ्यासक्रमात कुणी शिकवला नव्हता. समितीच्या पोटात गेली की ती पचते, आणि अंगी लागते ती समितीच्याच.

त्याने घरी जाऊन आईला झालेलं सांगितलं. ती खोडाच्या घावांत शेणमाती भरत बसली होती, कुंपणाच्या तारेतून हात घालून. तिने मान वर केली नाही.

"खरं सांगून पाह्यलं ना?" ती म्हणाली. "आता दुसरं कायतरी सांग."

दुसरं काहीतरी तयार करायला त्याला एक दुपार पुरली. पुढच्या बैठकीआधी तो हिंगोलीत अध्यक्षांच्या बंगल्यावर गेला आणि परसातल्या चिकूच्या झाडाभोवती बराच वेळ फिरला. सोबत प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर, लिटमस कागद आणि चेहरा गंभीर. मग बैठकीत त्याने 'चीकमान' ही नवी राशी मांडली. नर्मदाबाईच्या झाडाचं चीकमान एकोणीस पूर्णांक चार, अध्यक्षांच्या झाडाचं एकेचाळीस पूर्णांक सात. कशाला कशाने भागलं होतं, हे कुणी विचारलं नाही. आलेख चढता होता.

अध्यक्षांनी टॉवेलवर टेकलेली पाठ सरळ केली. "आमी कधी बोललो न्हाई," ते जड आवाजात म्हणाले, "पण या झाडाखाली बसलं की आमचा जबडा आपोआप हलायचा."

झाड बंगल्याच्या वास्तुशांतीच्या वेळी रोपवाटिकेतून आणलेलं होतं, ही बारीक अडचण गुरुजींनी दूर केली. झाड बीपासून येतं, बी आधीच्या झाडापासून, ते त्याच्या आधीच्या. तेव्हा सगळी झाडं सारखीच प्राचीन असतात, प्रश्न फक्त मानाचा उरतो. मान अध्यक्षांकडे गेला. नर्मदाबाईच्या झाडाचं कुंपण उपटून बंगल्यावर नेण्यात आलं. मात्र समिती एकदा हातात घेतलेली वस्तू पूर्ण सोडत नाही. ते झाड 'राखीव क्रमांक दोन' म्हणून कायम ठेवण्यात आलं, आणि नियम झाला की उगमाविषयी कुठूनही लेखी शंका उपस्थित झाली, तर फेरतपासणी राखीव झाडापासून सुरू होईल. कोयत्यासह.

शिवशंकरने हा नियम लक्षात ठेवला.

पुढे अध्यक्षांचं झाड, मान आणि घाव सारख्याच वेगाने वाढल्यामुळे, उन्हाळ्यात वाळलं. उगम बंगल्याबाहेर जाऊ द्यायला घरच्यांची तयारी नव्हती, म्हणून त्याच जागी सिमेंटचं झाड उभारलं गेलं. कळ दाबली की खोडातल्या नळीतून चिंगमची गोळी बाहेर पडते. गोळ्या बाजारातून आणून आत भरतात. आजचं चिंगम झाडापासून होतच नाही हे लक्षात घेता, समितीच्या सगळ्या कामात सिमेंटचं झाड हीच एक गोष्ट शास्त्राच्या सगळ्यात जवळ जाते, असं शिवशंकरचं प्रामाणिक मत आहे. ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

समितीची पुस्तिका निघाली. 'आपला जिल्हा, आपले उगम' या नावाने ती आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांनी अंतर्गत परीक्षेला लावली. कुणावर सक्ती नव्हती, फक्त न लावणाऱ्यांची नावं समितीच्या कार्यक्रमात वाचून दाखवली जात. शिवशंकरच्या कॉलेजात पेपर तपासायचं काम शास्त्र सदस्य म्हणून शिवशंकरकडेच आलं. प्रश्न दोन मार्कांचा : चिंगमचा उगम कोठे झाला?

गठ्ठ्यातल्या सगळ्यांनी हिंगोली लिहिलं होतं. एका पोरीने तेवढं मेक्सिको लिहिलं होतं. पुनम तिचं नाव. पहिल्या बाकावर बसायची आणि शिकवलेलं खरं धरायची. चिकूचं मूळ तिला त्यानेच शिकवलं होतं, दुसऱ्या सत्रात, फळ्यावर नकाशा काढून.

लाल पेन हातात धरून तो बसला. दोन मार्क दिले तर बाकीची पोरं येणार, आमचे काहून कापले म्हणणार. मग कॉलेज समितीला लेखी विचारणार, खरं उत्तर कोणतं. लेखी. त्याच्या डोळ्यांसमोर आईचं झाड आलं. घाव भरत आले होते, शेंड्याला कोवळी पानं फुटली होती, लुगड्याचे पदर पुन्हा बांधले गेले होते, आणि गेल्या बाजाराला ती टोपली घेऊन गेली होती. त्याने शून्य दिलं.

पुनम पेपर घेऊन आलीच. "सर, मेक्सिको चूक काहून?"

"चूक न्हाई," शिवशंकर म्हणाला.

"मंग शून्य?"

"पुस्तिकेत हिंगोली हाय."

"पण तुमीच तर शिकवलं व्हतं, सर."

"व्हय," तो म्हणाला, आणि पुढचा पेपर घेतला.

तिने पेपर घरी नेला आणि वडिलांना दाखवला. वडील भांडायला कॉलेजात येतील, अशी शिवशंकरला दोन दिवस धास्ती होती. ते आले नाहीत. त्यांनी पोरीला एवढंच विचारलं म्हणे, की बाकीच्यांनी काय लिहिलं, आणि तिने सांगितल्यावर म्हणाले, "मंग तुलाच काय झालतं?"

इथे वाचकाला शिवशंकरचा राग यावा, ही अपेक्षा आहे. जरूर यावा, पण त्याला निदान एक झाड तरी वाचवायचं होतं. तुमच्या परसात तसं काही नाही. तरीही उद्या तुमचं लेकरू पुस्तक घेऊन समोर बसलं आणि म्हणालं की पेपरात खरं लिहू का मार्काचं लिहू, तर तुम्ही ज्या वेगाने त्याला उत्तर द्याल, तो वेग समितीच्या परिचयाचा आहे. पुस्तिकेची नवी आवृत्ती नुकतीच छापायला गेली. किती प्रती काढायच्या यावर बैठकीत चर्चाही झाली नाही. जिल्ह्यात आईबाप किती आहेत ते पाहिलं, आणि तोच आकडा छापखान्याला कळवला.